अडतीस तबकड्यांचे ऋण

आमच्या माजघरातील भिंतीतल्या कपाटात पूर्वी आईच्या लोणच्याच्या बरण्यांची रांग असे. आज तिथे माझा संगीताचा संग्रह आहे. खालच्या फळीवर कॅसेट, मधल्या फळीवर मोठ्या ध्वनिमुद्रिका आणि वरच्या दोन फळ्यांवर सीडींच्या पेट्या. घरी आलेला पाहुणा एखादी पेटी हाती घेतो, मुखपृष्ठावरील कृष्णवर्णीय गायक-गायिकांची छायाचित्रे पाहतो आणि मग किंचित अविश्वासाने माझ्याकडे पाहतो. बँकेत छत्तीस वर्षे चाकरी केलेला, रविवारी मिस्साला दुसऱ्या वाचनासाठी उभा राहणारा हा गृहस्थ अमेरिकेतली ‘सोल’ गाणी ऐकतो? आणि तीही एकाच गायकाची नव्हे, तर निरनिराळ्यांची एकेक गाणी एकत्र केलेली संकलने? “हा शौक तुम्हांला कधीपासून?” असा प्रश्न हमखास येतो. मी हसून वेळ मारून नेतो. कारण खरे उत्तर असे आहे की, हा शौक माझा नव्हताच. ही एका ऋणाची फेड आहे.

माझा थोरला भाऊ १९६५ साली बोटीवर स्टुअर्ड म्हणून लागला. नऊ-दहा महिन्यांनी तो घरी येई, तेव्हा त्याच्या पेटीतून आईसाठी नायलॉनची साडी, बाबांसाठी व्हायोलिनच्या तारा आणि माझ्यासाठी फाउंटन पेन निघे. सर्वांत शेवटी, सदऱ्यांच्या घड्यांत जपून ठेवलेले एक चपटे पुडके निघे. त्यात असत सात इंच व्यासाच्या लहान तबकड्या. मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी ही तबकडी आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ साली अमेरिकेत बाजारात आणली. एका बाजूला एक गाणे, सुमारे तीन मिनिटांचे. मागच्या बाजूला दुसरे. अमेरिकन तबकडीच्या मध्यभागी मोठे भोक असे, त्यामुळे ती आमच्या रेकॉर्ड प्लेअरवर बसवण्यासाठी त्या भोकात आधी प्लास्टिकची चकती दाबावी लागे. ती चकती बसवण्याचा मान माझा असे. न्यू ऑर्लिन्स, बाल्टिमोर, लिव्हरपूल अशा बंदरांतील दुकानांतून आणि जुन्या बाजारांतून दादा एकेक तबकडी निवडून आणी आणि एका डायरीत तिची नोंद करी: अनुक्रमांक, गायकाचे नाव, गाणे, बंदर, तारीख. १९७४ पर्यंत त्या नोंदी अडतीसवर पोहोचल्या होत्या. सगळ्या तबकड्या एका पत्र्याच्या पेटीत उभ्या रचलेल्या असत.

आमचे बाबा चर्चच्या गायकवृंदात व्हायोलिन वाजवीत आणि मुलांना शिकवीत. त्यांना या गाण्यांचे वावडे होते. “सोल म्हणजे आत्मा ना?” ते विचारीत. “मग या नाचगाण्यांत आत्मा कुठून आला?” दादा उत्तर देत नसे, आवाज थोडा कमी करी. मला त्या वेळी बाबांचे म्हणणे पटे. पुष्कळ वर्षांनी वाचनातून मला कळले की, हाच प्रश्न या संगीताच्या मायभूमीतही मोठ्या कडवटपणे विचारला गेला होता आणि तो विचारणारेही चर्चमधलेच लोक होते.

याचे कारण, हे संगीत चर्चच्या अंगणातच वाढले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल चर्चमध्ये गॉस्पेल गायनाची समृद्ध परंपरा होती. १९५४ साली रे चार्ल्स यांनी एका गॉस्पेल गीताच्या धर्तीवर एक प्रेमगीत ध्वनिमुद्रित केले, आणि देवाच्या घरातली चाल बाजारात नेली म्हणून अनेक भाविक दुखावले. सॅम कुक हे धर्मोपदेशकाचे पुत्र. ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल वृंदाचे ते लाडके गायक होते. त्यांनी पहिले लौकिक गाणे प्रसिद्ध केले ते नाव बदलून, कारण आपले श्रोते काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती. पण आवाज लपतो थोडाच! १९५७ साली त्यांनी स्वतःच्या नावाने गाणे काढले, ते देशभर पहिल्या क्रमांकावर गेले आणि गॉस्पेलच्या मंचाशी त्यांची फारकत झाली. अरीथा फ्रँकलिन यांचे वडील डेट्रॉईटमधील न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चचे पाळक. त्यांची प्रवचने ध्वनिमुद्रिकांवर विकली जात, इतका त्यांचा लौकिक होता. मुलगी त्यांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली, १९६७ मध्ये लौकिक संगीताची सम्राज्ञी ठरली, आणि १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमधील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री पुन्हा भक्तिगीते गायला उभी राहिली. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राने कृष्णवर्णीय संगीताच्या आपल्या यादीला ‘सोल’ हे नाव दिले ते १९६९ मध्ये. आत्मा कुठून आला, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर एवढे जवळ होते. ते त्यांना देणारे आमच्या घरात कोणी नव्हते.

एकदा मात्र ते त्यांना तबकडीनेच दिले. डायरीतील चौथी नोंद बेन ई. किंग यांच्या ‘स्टँड बाय मी’ या १९६१ सालच्या गाण्याची आहे. ते लागले असताना बाबा ओटीवर व्हायोलिनची तार बदलीत होते. त्यांचा हात थांबला. गाण्यातील व्हायोलिनांमुळे थांबला असावा. “शब्दांचा अर्थ सांग,” ते दादाला म्हणाले. दादाने सांगितला: डोंगर समुद्रात कोसळले तरी तू जवळ असलास तर मी भिणार नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत. बाबा उठले, जुने प्रार्थनापुस्तक घेऊन आले आणि त्यांनी लॅटिन क्रमाने पंचेचाळिसावे, आजच्या क्रमाने सेहेचाळिसावे स्तोत्र उघडून आमच्यापुढे ठेवले. पृथ्वी ढळली, पर्वत सागराच्या पोटात गेले तरी आम्ही भिणार नाही, हाच त्यातला विचार. त्या गाण्याच्या मागे फिलाडेल्फियाचे मेथडिस्ट धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रचलेले याच नावाचे भक्तिगीत आहे, हे आम्हां तिघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. बाबांनी ती तबकडी दोनदा ऐकली. बाकीच्या सदतीस त्यांनी कधी ऐकल्या नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, ती सांगतो. १९७९ च्या मे महिन्यात माझे लग्न झाले. दादा बोटीवर होता. खोलीत नवे कपाट यायचे होते, जागा हवी होती. पत्र्याची पेटी चांगली मजबूत होती. तीत मी लग्नाची भांडी भरली. त्यातल्या तबकड्या एका गोणपाटात आडव्या रचल्या आणि ते गोणपाट माळ्यावर, पत्र्याखाली टाकले. वर जुनी जाती आणि खलबत्ता ठेवला. मे महिन्यात पत्र्याखाली काय उष्मा होतो हे कोकणपट्टीत राहणाऱ्यांना सांगायला नको. जूनमध्ये पत्रा गळला. ऑगस्टमध्ये दादा आला आणि त्याने पेटीविषयी विचारले, तेव्हा मी माळ्याकडे बोट दाखवले. त्याने गोणपाट खाली आणले, उघडले. तबकड्या तळलेल्या पापडासारख्या वाकल्या होत्या, कागदी पाकिटांना बुरशी येऊन ती त्यांना चिकटली होती. दादाने एक उचलली, उजेडाकडे धरली आणि पुन्हा ठेवली. “असू दे,” एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन गेला. दादा त्या खेपेला तीन आठवडे घरी होता. पुढे आणखी अकरा वर्षे त्याने समुद्र पालथा घातला. पण घरी येताना पुन्हा कधी तबकडी आणली नाही.

बाबा १९८४ मध्ये गेले. १९९१ मध्ये आई गेली आणि घराचे दोन भाग झाले. दादा निवृत्त होऊन अंगणापलीकडच्या भागात राहू लागला. आईची पेटी आवरताना मला ती डायरी सापडली. आईने ती पालखीच्या सणाच्या चित्रांबरोबर आणि आमच्या स्नानसंस्काराच्या दाखल्यांबरोबर जपून ठेवली होती. मी ती यादी एका वहीत उतरवून घेतली आणि डायरी होती तिथे ठेवून दिली. अडतीस नोंदींपैकी सदतीस वाचता येत होत्या. एकोणतिसाव्या नोंदीवर पाणी पडून शाई फुटली होती. ‘न्यू ऑर्लिन्स’ एवढेच शब्द उरले होते.

तबकड्या परत मिळवणे अशक्य होते. तीस वर्षांपूर्वीच्या त्या छोट्या तबकड्या मुंबईत कोठून मिळणार? पण त्यांवरील गाणी संकलनांतून मिळू शकतील, असे मला वाटले. १९९२ साली पहिली कॅसेट विकत घेतली. तिच्यावर यादीतली चार गाणी होती. घरी येऊन ती लावली आणि पहिल्याच गाण्याला माझा चेहरा पडला. गायक तोच, शब्द तेच, पण गाणे ते नव्हे! आवाज थकलेला, मागे विजेचा कृत्रिम वाद्यवृंद. आवरणावर मोठ्या अक्षरांत ‘मूळ गायक’ असे छापले होते. भिंग घेऊन पाहिले तेव्हा खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नव्याने ध्वनिमुद्रित’ असे दिसले. पुढे समजले की ही या व्यवसायातली जुनी चलाखी. मूळ फितीचे हक्क बड्या कंपनीकडे असतात. ते विकत घेणे परवडत नाही. मग उतारवयात पैशांची चणचण असलेल्या गायकाला बोलावून तेच गाणे पुन्हा गाऊन घ्यायचे. संकलन म्हणजे काय, याचा पहिला धडा मला त्या कॅसेटने दिला.

दुसरा धडा एका जुन्या मोठ्या तबकडीने दिला. साठ-सत्तरच्या दशकांत दूरचित्रवाणीवर जाहिरात करून स्वस्तात विकली जाणारी संकलने निघत, त्यांपैकी ती एक. एका तबकडीवर वीस गाणी! मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात सुमारे वीस-बावीस मिनिटे मावतात. त्यात दहा गाणी कोंबायची तर खाचा बारीक करायच्या, आवाज लहान करायचा आणि गाण्यांच्या शेपट्या कापायच्या. माझ्या यादीतील तीन गाणी तिच्यात होती. तिन्ही शेवटाआधीच विरून जात होती.

कधीकधी मात्र कापाकापी संकलनकाराची नसते, मूळचीच असते. सॅम कुक यांचे ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गाणे १९६४ च्या प्रारंभी त्यांच्या अल्बममध्ये आले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला त्यांचा गोळी लागून मृत्यू झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच ते एका तबकडीच्या मागच्या बाजूला निघाले. तबकडीसाठी त्यातले एक कडवे गाळण्यात आले: सिनेमाला, शहराच्या मध्यभागी जावे तर तिथून हाकलले जाते, हे सांगणारे कडवे. कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांच्या लढ्याशी ज्या गाण्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्यातला नेमका हाच भाग रेडिओवर पोहोचला नाही. मी पूर्ण गाणे असलेले संकलन मोठ्या आनंदाने घरी आणले आणि मग विचारात पडलो. दादाने ऐकले होते ते तर कापलेले गाणे! फेड कशाने करायची, जे पूर्ण आहे त्याने, की जे हरवले त्याने? शेवटी मी दोन्ही ठेवली.

चांगली संकलने भेटू लागली ती १९९५ नंतर. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (२०१६ मध्ये बंद होईपर्यंत ते माझे तीर्थक्षेत्र होते) मला मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीच्या नऊ सीडींच्या संचाची माहिती मिळाली. १९५९ ते १९६८ या काळातील २४४ गाणी असलेला हा संच १९९१ मध्ये निघाला होता. किंमत ऐकून मी परत फिरलो. दोन वर्षांनी आखातातून सुटीवर येणाऱ्या भाच्याकरवी तो आणवला. त्याबरोबरची पुस्तिका मी कादंबरीसारखी वाचली. जिम स्ट्युअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी आपापल्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव केले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेण्यासाठी बहिणीने राहते घर गहाण टाकले. एका बंद पडलेल्या सिनेमागृहात, जिथे काळे आणि गोरे एका बाकावर बसत नसत त्या शहरात, दोन काळे आणि दोन गोरे वादक शेजारी बसून वाजवू लागले. भाऊ पेशाने बँकेतला. आणि त्याने १९६५ मध्ये अटलांटिक कंपनीशी वितरणाचा करार केला तो नीट न वाचता सही करून! पुढे अटलांटिक विकली गेली तेव्हा उघड झाले की त्या कराराने स्टॅक्सच्या सगळ्या जुन्या फिती अटलांटिकच्या मालकीच्या झाल्या आहेत. बँकेत दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करणारा मी ते वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. म्हणूनच तो देखणा संच स्टॅक्सने नव्हे, अटलांटिकने काढला. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचे दिवाळे निघाले, १९८९ मध्ये ते सिनेमागृहही पाडले गेले. २००३ पासून त्या जागेवर संग्रहालय आहे.

१९९२ मध्ये निघालेला मोटाऊन कंपनीचा चार सीडींचा संच मला त्यानंतर मिळाला. त्यातील १०४ गाण्यांमध्ये माझ्या यादीतली आठ निघाली. त्याच्याशी माझे आणखी एक नाते जडले. २०१३ साली माझी भाची मला मिशिगनला घेऊन गेली, तेव्हा डेट्रॉईटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील मोटाऊनचे जुने घर पाहण्याचा योग आला. मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलर कर्ज घेऊन या कंपनीचा आरंभ केला. घर साधे, दुमजली. ध्वनिमुद्रणाची खोली आमच्या चर्चच्या सॅक्रिस्टीहून फार मोठी नाही. याच खोलीत वादकांच्या एका संचाने अक्षरशः शेकडो गाण्यांना साथ केली. आणि तरीही तबकड्यांवर त्यांची नावे नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती पहिल्यांदा ठळकपणे छापली गेली. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि वादक मागे राहिले. बेस गिटार वाजवणारे जेम्स जेमरसन १९८३ मध्ये निवर्तले. आज त्यांचे नाव संगीताचे विद्यार्थी आदराने घेतात, ते बऱ्याच अंशी अशाच संकलनांच्या पुस्तिकांमुळे. त्या खोलीत उभा असताना मला आमचे बाबा आठवले. चाळीस वर्षे त्यांनी नाताळच्या मध्यरात्री व्हायोलिन वाजवले. त्यांचे नाव कोणत्या पत्रिकेवर छापलेले मी पाहिले नाही.

भाचीने मला तिथल्या एका बाप्टिस्ट चर्चच्या रविवारच्या उपासनेलाही नेले. पाळक एक वाक्य म्हणत, लोक उत्तर देत. पाळकांचा सूर चढे तसे उत्तरही चढे. आपल्याकडे पवित्र मरियेच्या लिटनीला आपण प्रत्येक नावापाठोपाठ एका सुरात ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतो, त्याचीच ही दूरची बहीण वाटली. मुख्य गायकाची ओळ आणि मागच्या तिघींचे उत्तर ही सोल गाण्याची घडण इथली आहे, हे मी पुस्तकांत वाचले होते. त्या दिवशी कानांनी ऐकले. बाबा सोबत हवे होते.

संकलनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की त्यांत गायकाचे पूर्ण दर्शन होत नाही. खरे आहे. पण ज्यांना आयुष्यात एकच मोठे गाणे लाभले, त्यांचे काय? पर्सी स्लेज हे अलाबामातील एका रुग्णालयात रुग्णसेवक होते. १९६६ मध्ये त्यांची पहिलीच तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. नंतर त्यांनी खूप गायले, पण जग त्यांना त्या एका गाण्याने ओळखते. फोंटेला बास या गॉस्पेल गायिकेची कन्या. १९६५ मधल्या त्यांच्या ‘रेस्क्यू मी’ची सर दुसऱ्या कशाला आली नाही. फ्रँक विल्सन यांच्या एका तबकडीच्या तर मोजक्याच प्रती शिल्लक राहिल्या. २००९ मध्ये तिच्या एका प्रतीला पंचवीस हजार पौंडांहून अधिक किंमत आली. विल्सन तोवर संगीताचा धंदा सोडून धर्मसेवक झालेले होते. ते गाणे तुमच्या-माझ्यासारख्याला काही रुपयांत ऐकायला मिळते ते केवळ संकलनामुळे. मोठ्या गायकांचे अल्बम निघतच राहतात. लहानांना एकमेकांचा हात धरूनच उभे राहावे लागते.

अशा रीतीने यादीवर एकेक खूण होत गेली. सदतिसावी खूण मी २०२३ च्या नाताळच्या आठवड्यात केली. मधल्या काळात दादाने ऐंशी गाठली होती आणि त्याच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लागली होती. इतकी वर्षे अंगणापलीकडे तो होता, अलीकडे मी होतो, आणि या वहीविषयी मी त्याला अवाक्षर सांगितले नव्हते. सगळे जमले की सांगू, असे म्हणत राहिलो. खरे तर सांगायचे धैर्य नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मी सीडी प्लेअर आणि सात-आठ पेट्या घेऊन त्याच्याकडे गेलो. “तुझी यादी,” म्हणून वही पुढे केली. त्याने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकोणतीस क्रमांकावर बोट ठेवून बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. त्यालाही आठवत नव्हते. मग म्हणाला, “एकवीस लाव.”

एकविसावे गाणे ओटिस रेडिंग यांचे, बंदराच्या धक्क्यावर बसून लाटा पाहणाऱ्या माणसाचे. ते ध्वनिमुद्रित केल्यावर काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ रोजी, विस्कॉन्सिनमधील सरोवरात विमान कोसळून गायकाचा अंत झाला. वय सव्वीस. गाणे पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले, ते ऐकायला तो नव्हता. दादाने त्याची तबकडी १९६८ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला घेतली होती. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी शीळ सुरू झाली तसा त्याने हात वर केला, जणू काही होण्याची वाट पाहत होता. शीळ अखंड पुढे गेली. तो डोळे उघडून हसला.

“इथे सुई उडायची.”

“माझ्यामुळे?” मी विचारले.

“नाही रे. बिस्केच्या उपसागरात बोट हलली, तेव्हा माझ्याच हातून पडली होती.”

मग जे बोलायचे होते ते मी बोललो. पंचेचाळीस वर्षांनी. शब्द नीट जुळले नाहीत. तो ऐकत राहिला. किती ऐकू आले, कोण जाणे. थोड्या वेळाने म्हणाला, “तबकड्या काय, गेल्या असत्याच. बोटीवर निम्म्या फुटायच्या. पण मी तीन आठवडे घरी होतो त्या खेपेला. रोज वाटायचं, आज तू काही बोलशील. नंतर तबकडी घ्यायला दुकानात शिरलो की तेच आठवायचं.”

मी काही बोलू शकलो नाही. इतकी वर्षे मी समजत होतो की माझे देणे अडतीस तबकड्यांचे आहे, आणि ते गाण्यांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने फेडत होतो. देणे एका वाक्याचे होते. ते १९७९ च्या ऑगस्टमध्ये, ओटीवर, फुकटात फिटले असते. पापनिवेदनाला आपण लहानपणापासून जातो, गुडघे टेकतो, प्रायश्चित्त घेतो. पण ज्याचे नुकसान केले तो अंगणापलीकडे बसलेला असतो, त्याच्याकडे जायला पाय उचलत नाहीत.

त्या दुपारी आम्ही अकरा गाणी ऐकली. सेहेचाळिसाव्या स्तोत्राचे गाणे लागले तेव्हा दादा म्हणाला, “बाबांनी हे दोनदा ऐकलं होतं.” त्यालाही ते स्मरत होते. मी निघण्यासाठी पेट्या आवरू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “एकवीसची मागची बाजू राहिली.”

संकलनांत बहुधा मागची बाजू नसते. संकलनकार निवडतो ती पुढची, गाजलेली बाजू. पण दादाने बोटीवरच्या लांबलचक रात्रींत दोन्ही बाजू ऐकल्या होत्या, आणि मागच्या बाजूची कितीतरी गाणी त्याला अधिक प्रिय होती. माझ्या वहीत त्यांचा रकानाच नव्हता. मोटाऊनच्या आठ मिळतील. २००५ पासून त्यांच्या तबकड्यांचे दोन्ही बाजूंसह खंड निघाले आहेत. बाकीच्या शोधाव्या लागतील.

आता रोज संध्याकाळी अँजेलसच्या घंटेनंतर मी अंगण ओलांडतो. दादा एकेक नाव आठवून सांगतो आणि मी वहीत लिहून घेतो. आतापर्यंत चौदा झाली आहेत.